फोंड्याची देवळे, जुने गोवे, नार्वे, तांबडी सुर्ला: चार दिवसांची ओळ कशी लावावी?

यादीवाला

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरहून सहा पाहुणे म्हापशाला येताहेत. दोघांची सत्तरी उलटलीय, त्यांतल्या एकींना पायऱ्या झेपत नाहीत. समुद्र, क्रूझ, कॅसिनो काही नको. देवळे, चर्च आणि जुने अवशेष एवढेच पाहायचे. शनिवार ते मंगळवार असे चार पूर्ण दिवस आहेत, गाडी त्यांची स्वतःची. यादी केलीय ती अशी: मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी, महालक्ष्मी, शिरोडा, नार्वे, हरवळे, तांबडी सुर्ला, जुने गोवे, फातर्पा, जांबावली. शिवाय एका कुटुंबाला कुलदैवताला अभिषेक करायचाय, पण "गोव्याची शांतादुर्गा" यापलीकडे त्यांना माहिती नाही. काय आधी, काय नंतर, काय गाळायचे?

अंत्रुजवाट

यादी बरी आहे, पण याच क्रमाने निघालात तर भर दुपारी बंद दारासमोर उभे राहाल. फोंड्यातली देवळे पहाटे सहाच्या सुमारास उघडतात. दुपारची आरती आणि महानैवेद्य झाला की साडेबारा ते एकच्या दरम्यान गर्भकूड (गाभारा) बंद होते, ती साडेतीन-चारनंतर उघडते. देवळागणिक अर्धा तास पुढेमागे. म्हणजे सकाळी साडेसहा तास आणि संध्याकाळी तीन, हेच तुमचे भांडवल.

बहुतेक लोक पणजीकडून येताना पहिले लागते म्हणून मंगेशीला थांबतात. सगळ्या टुरिस्ट बसेसही तेच करतात, त्यामुळे नऊ ते अकरा तिथे पाय ठेवायला जागा नसते. तुम्ही उलटे करा. म्हापशाहून सहाला निघा, वाटेत कुठेही न थांबता थेट कवळ्याला जा. साडेसातला शांतादुर्गेसमोर माणसे मोजकी असतात, पुजेची तयारी चाललेली असते आणि चौकात निवांत बसता येते. तिथून मागे येत जा: रामनाथी, मग बांदिवड्यात नागेशी आणि महालक्ष्मी. ही चारही एकमेकांपासून गाडीने पाच-दहा मिनिटांवर. नागेशीला घाई करू नका. बाकीचे बहुतेक देव सासष्टी-तिसवाडीतून इथे आले, हा मात्र इथलाच. आवारात विजयनगर काळातला १४१३ चा शिलालेख आहे. सभामंडपात वर मान करून लाकडी पट्टीवरचे कोरीवकाम पाहा, रामायणातले प्रसंग ओळीने आहेत. बहुतेक जण तळीचा फोटो काढून निघून जातात आणि हे राहून जाते.

साडेबाराला फोंड्यात जेवण. जेवल्यावर साफा मशीद. १५६० ची, अली आदिलशहाच्या वेळची, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. तिथे गर्भकूड बंद होण्याचा प्रश्न नाही, त्यामुळे दुपारचा मोकळा वेळ तिथेच घालवावा. मशिदीपेक्षा तिच्या शेजारची तळी जास्त बघण्यासारखी: चिऱ्यात (जांभा दगडात) बांधलेली, चारही बाजूंनी मेहराबीच्या आकाराचे कोनाडे. नागेशीची तळी सकाळी आणि ही दुपारी पाहिली की दोन्हींतले साम्य आणि फरक आपसूक दिसतो.

चारला फर्मागुडीचा गोपाळ गणपती, मग वेलिंगचा लक्ष्मीनृसिंह. वेलिंग तुमच्या यादीत नाही, घाला. झाडीत दडलेले, शांत, तळी देखणी. मग म्हार्दोळ आणि शेवटी मंगेशी. हा दिवस सोमवारी ठेवा, कारण सोमवारी संध्याकाळी मंगेशाची पालखी निघते. आरतीच्या आधी अर्धा तास पोचा.

यादीवाला

एका दिवसात आठ देवळे म्हणजे नुसती पळापळ नाही का होणार?

अंत्रुजवाट

होईल, जर प्रत्येक ठिकाणी चप्पल काढणे, पाय धुणे, रांग, प्रसाद, चप्पल शोधणे हे सहा माणसांनी सहा वेगात केले तर. एका देवळाला सरासरी पस्तीस मिनिटे धरा आणि मंगेशीला तास. तिथे पार्किंगपासून देवळापर्यंत दुकानांच्या मधून चालावे लागते. ज्येष्ठांना कमी चालायचे असेल तर म्हार्दोळ उत्तम, अगदी रस्त्याला लागून. वेळ कमी पडलाच तर महालक्ष्मी किंवा गोपाळ गणपती गाळा. नागेशी नको.

कपड्यांचे आताच सांगतो. अर्धी चड्डी, बिनबाह्यांचे कपडे, आखूड स्कर्ट यांना बऱ्याच देवळांत दारातूनच परत पाठवतात. काही ठिकाणी गुंडाळायला लुंगी किंवा शाल मिळते, पण त्या भरवशावर राहू नका. गर्भकुडीचा फोटो कुठेच काढू देत नाहीत.

चिरेबंदी

म्हार्दोळबद्दल महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर दारातच घोळ होतो. ही जेजुरीच्या खंडोबाची म्हाळसा नव्हे. ही म्हाळसा नारायणी, विष्णूचे मोहिनी रूप. म्हणून तर देवीच्या गळ्यात जानवे आहे. "येळकोट येळकोट" करत आत शिरणारे अधूनमधून भेटतात, पुजारी हसून सोडून देतात.

दुसरे म्हणजे चौकातला पितळी दीपस्तंभ. खाली वाकून त्याचा पाया पाहा: तो कासवाच्या पाठीवर उभा आहे आणि टोकाला गरुड. कूर्म आणि गरुड दोन्ही विष्णूचे, म्हणजे आत कोण आहे हे तो खांब बाहेरच सांगतो. मोठी घंटाही पाहा. पूर्वी ती एरवी वाजवत नसत. कुणाची साक्ष घ्यायची असेल तेव्हाच वाजवत. या घंटेखाली खोटे बोललेल्याला देवी सोडत नाही असा समज होता.

आणि सगळ्याच देवळांत एक गोष्ट बघत चला. गर्भकुडीवर टोकदार शिखर नाही. अष्टकोनी बैठकीवर घुमट. सभामंडपावर उतरती कौले. खिडक्यांच्या कमानी चर्चसारख्या, आत काचेची झुंबरे. सतराव्या-अठराव्या शतकात ज्या गवंड्यांचा आणि सुतारांचा हात चर्चच्या बांधकामावर बसला, त्याच धाटणीने ही देवळे उभी राहिली. म्हणून माझे मत असे की जुने गोवे आधी आणि फोंडा नंतर पाहावा. उलट केले तर मंगेशीच्या खिडक्या नुसत्याच खिडक्या वाटतात.

पालखीचा_भोई

कुलदैवताबद्दल. "गोव्याची शांतादुर्गा" एवढ्यावर अभिषेक करू नका. शांतादुर्गा कवळ्याला आहे, फातर्प्याला आहे, धारगळला आहे, माशेलात तर एकापेक्षा जास्त आहेत. नावापुढचे विशेषण महत्त्वाचे: फातर्प्याची ती कुंकळ्ळीकरीण, माशेलातली एक कुंभारजुवेकरीण, दुसरी वेर्लेकरीण. हे "करीण" म्हणजे देवी मूळची कुठल्या गावची त्याचा पत्ता. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिसवाडी, सासष्टी, बारदेशातली देवळे पाडली तेव्हा देव रातोरात नदीपलीकडे हलवले. अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा भाग, तेव्हा आदिलशाहीत होता. देव गाव सोडून आले, पण गावाचे नाव सोडले नाही. कवळ्याची देवी केळशीची, मंगेश कुठ्ठाळीचा, म्हाळसा वेर्ण्याची, रामनाथ लोटलीचा, वेलिंगचा नृसिंह सांकवाळचा, कामाक्षी रायची.

म्हणून पाहुण्यांना निघण्यापूर्वी घरी तीन गोष्टी शोधायला सांगा. एक, गोत्र. दोन, आजोबा-पणजोबांच्या कागदावर आडनावाशेजारी असलेले गावाचे नाव. सातबारा, लग्नपत्रिका, जुनी वंशावळ, काहीही चालेल. तीन, घरी शांतादुर्गेबरोबर दुसरा कुठला देव पुजतात. "मंगेश-शांतादुर्गा" अशी जोडी निघाली तर कवळे जवळजवळ नक्की समजा. नुसत्या आडनावावर कुणी "तुमचे हेच" म्हणून सांगितले तर विश्वास ठेवू नका. एकाच आडनावाची माणसे दोन वेगळ्या देवस्थानांची महाजन, म्हणजे वंशपरंपरेने हक्कदार सभासद, असतात.

हे घेऊन देवस्थानच्या कचेरीत सकाळी दहाच्या सुमारास जा. आरतीच्या धांदलीत विचारलेत तर कुणीही धड उत्तर देणार नाही, आणि चूक त्यांची नाही. गोव्यातली ही देवस्थाने महाजनांच्या मालकीची. पोर्तुगीज काळापासूनच्या मजनी कायद्याखाली त्यांचा कारभार चालतो, महाजनांची नोंदवही असते. घराण्याचे नाव त्या वहीत सापडले तर प्रश्नच मिटला. नाही सापडले तरी दर्शन, ओटी, अभिषेक कुणालाही करता येतो.

अभिषेकाची पावती आदल्या दिवशी फाडा. पुरुषांना धोतर किंवा सोवळे लागते, अंगावर शर्ट-बनियन चालत नाही. धोतर घरून आणा. संकल्पाला नाव-गोत्र विचारतात, ते कागदावर लिहून हातात ठेवा. ऐनवेळी चौघे चार गोत्रे सांगतात.

रानजाई

@पालखीचा_भोई, प्रसाद लावायचा (देवाचा कौल घ्यायचा) असेल तर? ताई विचारत होत्या, घरचा एक निर्णय अडलाय म्हणे.

पालखीचा_भोई

प्रसाद प्रत्येक देवळात, प्रत्येक वेळी लावत नाहीत. आधी विचारा. पद्धत साधारण अशी: पुजारी देवाच्या मूर्तीवर ठरलेल्या जागी ओल्या पाकळ्या किंवा कळ्या चिकटवतो, मग तुमच्या वतीने गाऱ्हाणे घालतो. कुठली पाकळी आधी पडते त्यावर कौल. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एका वेळी एकच प्रश्न, तोही हो-नाहीत उत्तर येईल असा. "पुण्याचा फ्लॅट घ्यावा की सांगलीचा" असे विचारले तर पुजारीच प्रश्न मोडून द्यायला सांगेल. पाकळी लगेच पडत नाही, कधी पाच मिनिटे, कधी पाऊण तास. त्या दिवशी पुढचे काही ठरवू नका. आणि नकार आला म्हणून लगेच दुसऱ्या देवळात जाऊन तोच प्रश्न लावू नये.

चिरेबंदी

जुने गोवे. शुक्रवारी नको, पुरातत्त्व संग्रहालय बंद असते. रविवारी सकाळी नको, मिस्सा चालू असतात. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, तेव्हा तोबा गर्दी. तुम्ही दुसऱ्या आठवड्यात येताय म्हणजे सुटलात. शनिवारी सकाळी नऊला पोचा.

क्रम: आधी टेकडावरचे संत ऑगस्टीनचे अवशेष. १६०२ चे चर्च, आता ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा अर्धा भाग उभा. १८४२ साली छत कोसळले, मग एकेक भाग पडत गेला. हे उन्हात पाहायचे ठिकाण आहे, सावली नाही, म्हणून सकाळी. जमिनीवर कोरीव थडगी आहेत, त्यांवर पाय न देता चाला. जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष इथेच उत्खननात सापडले. समोर सांता मोनिकाचा मठ, त्यात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय. त्यातले चांदीकाम आणि हस्तिदंत गोव्यातल्या कारागिरांचे आहे. मूर्तीच्या चेहऱ्यांकडे पाहा, काही देवदूत अगदी आपल्याकडच्या पोरांसारखे दिसतात.

मग खाली बॉम जेझूस बॅसिलिका. १५९४ ला पाया, १६०५ ला पूर्ण. बाहेरून तांबड्या चिऱ्याची दिसते म्हणून लोकांना वाटते ती अशीच बांधली. नाही. बाकी चर्चसारखा तिलाही पांढरा गिलावा होता, तो १९५० च्या दशकात काढून टाकला. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, पण सततच्या पावसाचे पाणी पीत राहतो. कोपऱ्यावरच्या दगडांना बोट लावू नका, नुसते पाहा: मुंग्यांच्या वारुळासारखी भोके पडलीत. दर्शनी भागातला काळसर कोरीव दगड वेगळा, तो झिजलेला नाही. हा फरक दोन फुटांवरून दिसतो.

आत झेवियरची शवपेटी उंचावर. चांदीची पेटी सतराव्या शतकात गोव्याच्या सोनारांनी घडवली आणि खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ड्यूकने पाठवला, तो १६९८ मध्ये बसवला. शव खाली आणून दर्शन दर दहा वर्षांनी. मागचे २०२४-२५ मध्ये झाले. पाहुण्यांना आधी सांगा, नाहीतर "दिसलेच नाही" म्हणून हिरमुसतात.

रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी आणि त्याच्या मठातले पुरातत्त्व संग्रहालय. सेचा एकच मनोरा दिसतो, दुसरा १७७६ साली पडला. उरलेल्यात सोन्याची घंट. सेंट काजेटान १०० टक्के पाहा, घुमटाखाली उभे राहून. तिथून दोन मिनिटांवर आदिलशाही वाड्याच्या दाराचे काळे खांब उभे आहेत, कुणी थांबत नाही. अडीच-तीन तास एवढ्याला पुरतात. टोप्या-गॉगल काढून, गुडघे-खांदे झाकून.

वाळवंटीकाठ

इथे एक भर घालतो. जुने गोवे आणि नार्वे वेगवेगळ्या दिवशी करू नका. व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ धक्क्यावर जा, फेरीबोटीने दिवाडी बेटावर, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीबोटीने नार्वे. सप्तकोटीश्वर याच वाटेने गेला! मूळ देऊळ दिवाडीवर होते, कदंबांचे राजदैवत; त्यांच्या नाण्यांवर त्याचे नाव आहे. पोर्तुगिजांनी ते पाडले, लिंग विहिरीच्या कामाला लावले, ते लोकांनी सोडवून नदीपलीकडे भतग्रामात (आजच्या डिचोलीत) नेले. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्वेच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, दारावर शिलालेख आहे. अलीकडे सरकारने पुन्हा दुरुस्ती करून २०२३ मध्ये देऊळ खुले केले.

दिवाडीवर दोन थांबे. पिएदाद गावातली टेकडीवरची इगर्ज म्हणजे चर्च, तिथून मांडवीचे खाजन आणि जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. शेजारच्या स्मशानभूमीतल्या लहान चॅपलचे दगडी छत बघा, नक्षी जुन्या देवळाची आहे. आणि नार्वेच्या बाजूला कोटीतीर्थाची तळी, जिथे मूळ देऊळ होते.

नार्वेला लिंग नीट पाहा. गोल गुळगुळीत नाही, पैलू पाडलेले आहे, धारालिंग. पुजारी फुले बाजूला करत असेल तेव्हाच पैलू दिसतात, म्हणून सकाळच्या किंवा संध्याकाळच्या पुजेआधी पोचणे बरे. देऊळ लहान, पायऱ्या थोड्या.

फेरीचे: सात आसनी गाडी चढते, पण ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि मागचा बंपर घासतो. ज्येष्ठांना आधी उतरवून पायी चढवा, मग गाडी पहिल्या गियरमध्ये सावकाश. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, मोटारीला थोडे पैसे. सुटे ठेवा.

झाडपिंपळ

शिवाजी महाराजांनी नार्वेचे देऊळ बांधले असे आम्ही शिकलो. जीर्णोद्धार की बांधकाम?

वाळवंटीकाठ

जीर्णोद्धार. देव त्याआधीच शंभरेक वर्षे नार्वेला होता.

कुळागर

तांबडी सुर्ल्याचे लोक हमखास चुकतात. अंतर पणजीहून साधारण ६५ किलोमीटर, पण शेवटचा पट्टा अरुंद आणि जंगलातून, म्हणून वेळ दोन तास धरा. फोंडा, तिस्क, धारबांदोडा, साकोर्डे, बोळकर्णे, मग सुर्ल. साकोर्ड्यानंतर मोबाइलचे नेटवर्क जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या. पेट्रोल फोंड्यातच भरा. पाणी आणि खाणे बरोबर न्या, पण देवळाच्या आवारात खाऊ नका. माकडे आहेत आणि पुरातत्त्व खात्याचे रखवालदारही.

देऊळ बाराव्या-तेराव्या शतकातले, कदंबकालीन. फोंड्यातल्या मोठ्या देवळांनंतर हे इतके लहान दिसते की काही जण दहा मिनिटांत परत फिरतात. तसे करू नका. सगळा गोवा तांबड्या चिऱ्याचा आणि हे एकटे काळ्या बसाल्टचे. तो दगड आसपास नाही, घाटावरून आणला असे मानतात. दगड एकमेकांत अडकवून रचलेत. मंडपातल्या नंदीला डोके नाही. छताच्या मधोमध कोरलेले कमळ आहे, मंडपात आडवे पडून पाहण्याइतके सुंदर. खांबाच्या तळाशी हत्ती घोड्याला तुडवतोय असे चिन्ह आहे, टॉर्च तिरपा धरला तर उठून दिसते. शिखराचा वरचा भाग अपुरा. तोंड पूर्वेला, म्हणून उजेड आत शिरतो तो सकाळी. दहाच्या आत पोचलात तर सहलीच्या बसेसही आलेल्या नसतात.

मागे ओढ्यावर पायऱ्या आहेत, शेवाळ असते. डिसेंबरात जळवा नसतात, पावसाळ्यात मात्र मीठ बरोबर ठेवावे लागते.

परतताना खांडेपारची लेणी. चार लेणी, एकसंध चिऱ्यात खोदलेली, वरचे छत पायऱ्यापायऱ्यांचे. फाट्यावर पाटी शोधावी लागते आणि शेवटी झाडीतून उतरावे लागते. तुमच्या ज्येष्ठांना गाडीतच थांबवा.

यादीवाला

तांबडी सुर्ला रविवारी ठेवला तर?

कुळागर

रविवारी पूजेला आणि सहलीला दोन्हीकडून लोक येतात. पण पहाटे साडेसहाला म्हापसा सोडलात तर चालेल. महाशिवरात्र असती तर नको म्हटले असते.

केपेंकार

दक्षिणेचा दिवस मंगळवारी. शिरोडा फोंड्याच्या दिवसात कोंबू नका, ते इकडे जोडा: आधी शिरोड्याची कामाक्षी, मग बोरीचा पूल ओलांडून राय, मडगाव, पुढे फातर्पा. कामाक्षी रायहून शिरोड्याला आली ती जुवारी ओलांडूनच, तुम्ही उलट्या दिशेने जाल. अमावास्या असेल तर शिरोड्याला गर्दी जबर, पंचांग बघून घ्या.

फातर्प्याची शांतादुर्गा कुंकळ्ळीची. १५८३ च्या पोर्तुगिजांविरुद्धच्या उठावाचे तेच कुंकळ्ळी. फाल्गुनात बारा छत्र्या घेऊन देवी मूळ गावी जाते, त्यात ख्रिस्ती गावकरीही असतात. डिसेंबरात ते नाही, पण देऊळ प्रशस्त, जमिनीसरशी, तुमच्या पायऱ्या न झेपणाऱ्या पाहुणीला सोयीचे.

जांबावलीचा दामोदर मूळ मडगावचा, मठग्रामचा. गुलाल उधळतात तो फाल्गुनात. तिथून रिवणमार्गे पणसायमळ, म्हणजे उसगाळीमळची कातळशिल्पे. कुशावतीच्या वळणावर जांभ्याच्या सपाट कातळावर कोरलेले बैल, हरणे आणि एक मोठे चक्रव्यूहासारखे वर्तुळ. १९९३ मध्ये उजेडात आली. भर दुपारी गेलात तर काहीच दिसत नाही, कातळ सपाट पांढरा होतो. रेषा उथळ आहेत, तिरपे ऊन लागते. म्हणून ही शेवटी, चारनंतर. सूर्य पाठीशी नाही, बाजूला येईल असे उभे राहा आणि एकेक पाऊल सरकत पाहा; दोन मिनिटांपूर्वी जिथे नुसता दगड होता तिथे वशिंड दिसायला लागते. चप्पल काढून चढा. खडूने रेषा भरू नका, पूर्वी लोकांनी तसे करून नुकसान केले आहे.

वाळवंटीकाठ

हरवळे आणि साखळी राहिले. पाहुणे कुठल्या घाटाने परतणार? चोर्ल्याने जाणार असतील तर बुधवारी सकाळी जाता जाता करा, वेगळा दिवस नको. साखळी वाटेतच. विठ्ठलापूरचा विठोबा, दत्तमंदिर, हरवळ्याची लेणी, रुद्रेश्वर आणि धबधबा, सगळे मिळून दोन तास. लेण्यांत पाच कप्पे, लिंगे जमिनीत रोवलेली. धबधब्याकडच्या पायऱ्या ओल्या असतात, डिसेंबरातही.

एक सावधगिरी. गोव्यात केरी नावाची तीन गावे आहेत: सत्तरीतले चोर्ला घाटाखालचे, पेडण्यातले तेरेखोलच्या फेरीचे आणि फोंड्यातले. नकाशात नुसते "केरी" टाकून घाट शोधणारे समुद्रावर पोचतात. "साखळी" टाका, मग पुढे "चोर्ला".

रानजाई

आणि म्हापशातच राहताय तर हळदोण्याजवळचा कोरजुवेचा किल्ला? १७०५ चा, छोटा, एक मजली, पायऱ्या फार नाहीत. शनिवारी संध्याकाळी नार्वेहून परतताना अर्ध्या तासात होईल.

अंत्रुजवाट

किल्ला हवाच असेल तर तोच बरा. रेश मागूश सुंदर आहे पण चढ आहे.

लाटकर

शिरगावची लईराई कुणीच सांगितली नाही?

पालखीचा_भोई

जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, डिसेंबरात नाही. देऊळ पाहायला केव्हाही जावे, हातात मोगरा असावा, देवीला तोच. जत्रेला कुणी जाणार असेल तर ज्येष्ठ आणि लहान मुलांना घेऊन मध्यरात्रीनंतर होमकुंडाकडच्या उतारावर उतरू नका. २०२५ ला पहाटे तिथेच चेंगराचेंगरी होऊन माणसे गेली. संध्याकाळी दर्शन घेऊन परत फिरावे, अग्निदिव्य धोंडांवर, म्हणजे निखाऱ्यांवरून चालणाऱ्या व्रती भक्तांवर, सोडावे.

यादीवाला

सगळ्यांना देव बरें करूं. मग असे ठरतेय: शनिवार जुने गोवे, दिवाडी, नार्वे, जमल्यास कोरजुवे. रविवार तांबडी सुर्ला, खांडेपार. सोमवार कवळ्यापासून मंगेशीपर्यंत, पालखीसह. मंगळवार शिरोडा, फातर्पा, जांबावली, पणसायमळ. बुधवारी जाताना साखळी. अभिषेक सोमवारी सकाळी कवळ्याला, गोत्र-गाव जुळले तर. पावती आदल्या दिवशी फाडायची म्हणजे रविवारी परतताना कवळ्याला वळसा घालावा लागेल ना?

पालखीचा_भोई

हो. खांडेपारहून फोंडा, तिथून कवळे थोडक्यात. रविवारी संध्याकाळी पाचच्या आधी कचेरीत पोचा, नोंदवहीचेही तेव्हाच विचारून घ्या. पण एक अडचण: अभिषेक झाला की तीर्थप्रसाद होईपर्यंत दीड तास तिथेच जातो. मग सोमवारी नागेशी-महालक्ष्मी साडेबाराच्या आत बसवायला सातलाच कवळ्याला हजर राहा आणि रामनाथीला पंधरा मिनिटांत आवरा.

अंत्रुजवाट

रामनाथीला पंधरा मिनिटे नको, महालक्ष्मी संध्याकाळी घ्या. बांदिवडे ते फर्मागुडी जवळच आहे, चारला तिथूनच सुरुवात करा. ओटीचे खण-नारळ कोल्हापुरातून आणायची गरज नाही, देवळाबाहेर मिळतात. फुलांना मात्र आत नेईपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, अबोली तासाभरात काळी पडते.